दाटीत उभे राहणारे अक्षर



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलणार, नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलणार, असे गृहीत धरण्याची पद्धत आहे. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘छापखान्यातले जाड अक्षर’ असे सांगितले. त्यांनी तो विषय दोनदा विचारून घेतला. ऐकण्यात चूक झाली नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी तो पत्रिकेत छापला, आणि गंमत अशी की तोही जाड अक्षरांतच छापला. तेव्हा निम्मे व्याख्यान त्यांनीच दिले आहे. उरलेले निम्मे आम्ही देतो.

आमची शाळा नववीतच सुटली. त्यानंतर काही वर्षे आम्ही एका लहानशा छापखान्यात खिळे जुळविले आणि तेथून कामगार संघटनेत आलो. जे काही वाचले ते नंतर, फावल्या वेळी आणि मिळेल त्या क्रमाने. तेव्हा आम्ही पंडित म्हणून बोलत नाही. परंतु आयुष्यभर हजारो हस्तपत्रके लिहिली, छापून घेतली आणि कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून वाटली. पत्रक हातात पडल्यावर माणूस पहिल्यांदा कोठे पाहतो आणि किती ओळी वाचून ते घडी घालून खिशात टाकतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. जे जाड छापलेले असते ते तो वाचतो. बाकीचे घरी जाऊन वाचीन म्हणतो आणि बहुधा वाचीत नाही. म्हणजे काय जाड छापायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाचणाऱ्याचे लक्ष आहे. हा विषय शोभेचा नव्हे, व्यवहाराचा आहे, तो एवढ्यासाठी.

आता हे अक्षर म्हणजे नेमके कोणते, ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही आज मुख्यतः इंग्रजी लिपीतील एका टाइपाची हकीकत सांगणार आहोत. त्याचे नाव क्लॅरेंडन. त्याचे गुण तीन : ते जाड आहे, चिंचोळे आहे आणि त्याला पाय आहेत.

जाड म्हणजे त्याच्या उभ्या दांड्या नेहमीच्या अक्षरापेक्षा भरदार आहेत, त्यामुळे कागदावर ते काळे दिसते. चिंचोळे म्हणजे उंची नेहमीच्या अक्षराएवढीच, पण रुंदी आखडती, एस. टी.च्या बाकावर दोघांच्या जागी तिघे बसतात तसे. आणि पाय म्हणजे ज्याला इंग्रजीत सेरिफ म्हणतात ते. अक्षराची उभी दांडी जेथे संपते तेथे लहानशी आडवी पट्टी काढलेली असते. जुन्या वाड्यात लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, तसा हा अक्षराचा तळखडा समजा. त्यामुळे अक्षर ओळीवर घट्ट उभे राहते आणि डोळ्याला ओळीचा आधार मिळतो. क्लॅरेंडनचा तळखडा चांगला जाड आहे. पण तो दांडीला काटकोनात ठोकून बसविलेला नाही. जोडाच्या कोपऱ्यात गिलावा करून गोलाई दिल्यासारखा तो दांडीतून उतरतो. या एका गोलाईमुळे त्या अक्षराचा दणकटपणा रांगडा वाटत नाही. तालमीतला पैलवान स्वच्छ सदरा घालून सभेला यावा तसे ते दिसते.

हे तीन गुण एकत्र का आले? त्यासाठी १८४५ सालच्या लंडनला गेले पाहिजे.

त्या काळी इंग्लंडात कारखानदारी वाढली होती. माल वाढला म्हणजे जाहिरात वाढते, आणि जाहिरात वाढली की भिंती भरतात. त्याआधी साडेतीनशे वर्षे टाइप हा पुस्तकासाठी होता. शांतपणे बसून वाचणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो कोरलेला असे. आता रस्त्याने चालणाऱ्या माणसाला थांबविणारे अक्षर हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट थॉर्न नावाच्या टाइप ओतणाऱ्याने अतिशय लठ्ठ अक्षरे काढली, असे श्रेय त्याला देतात. १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स याने जाड चौकोनी पायांची अक्षरे काढली. त्या जातीला पुढे ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. भिंतीवर ही अक्षरे फार शोभली. पण पुस्तकात, ओळीच्या मध्ये, ती घातली की लग्नाच्या पंगतीत बँडवाल्याने मध्येच ढोल वाजवावा तसे होई. ओळ बिघडे, शेजारची अक्षरे बापुडवाणी दिसत.

आणि गरज तर पुस्तकातही होती. शब्दकोश, दरपत्रके, वेळापत्रके, कायद्याची पुस्तके यांत मूळ शब्द कोणता आणि विवरण कोणते, हे एका नजरेत कळले पाहिजे. तोवर त्यासाठी तिरकी अक्षरे किंवा मोठी अक्षरे वापरीत. परंतु तिरके अक्षर हळू बोलते. ते कानात सांगितल्यासारखे असते. पानभर शब्दांतून एक शब्द हाक मारून बोलवायचा असेल तर ते अपुरे पडते.

ही अडचण सोडविणारा टाइप लंडनच्या फॅन स्ट्रीटवरील ओतशाळेत तयार झाला. ही ओतशाळा त्याच लठ्ठ अक्षरवाल्या थॉर्नची. १८२० साली थॉर्न वारल्यावर ती विल्यम थोरोगुड याने विकत घेतली. त्याला टाइपाच्या धंद्याची पूर्वी काहीच माहिती नव्हती, आणि लॉटरीत लागलेल्या पैशातून त्याने ती घेतली असे सांगतात. त्याच्याकडे नोकरीस लागलेला रॉबर्ट बेस्ली पुढे भागीदार झाला. त्याच्या कारकिर्दीत, १८४५ साली, क्लॅरेंडन बाजारात आले. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसवरून त्याला हे नाव पडले असे मानतात.

या टाइपाची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ते एकटे उभे राहण्यासाठी कोरलेले नव्हते. साध्या पुस्तकी टाइपाच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच उंचीवर उभे राहण्यासाठी कोरलेले होते. साध्या टाइपाचा हा थोरला, धट्टाकट्टा भाऊ म्हणा. दोघांची उंची सारखी, बसण्याची रेषा सारखी; फक्त एकाचा आवाज मोठा. आणि चिंचोळे एवढ्यासाठी, की जाड केलेले अक्षर आपोआप पसरते आणि जागा खाते. शब्दकोशाच्या अरुंद रकान्यात जागेचा प्रत्येक कण मोलाचा. तेव्हा जाडी वाढवायची पण रुंदी वाढू द्यायची नाही, हा हिशेब होता.

त्या काळी इंग्लंडात कागदावर कर होता. तो १८६१ साली उठला. वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर सरकारी मुद्रांक लागे. १८१५ साली तो चार पेनी झाला, १८३६ साली एक पेनीवर आला आणि १८५५ साली गेला. जाहिरातींवर निराळा कर होता, तो १८५३पर्यंत चालला. वर्तमानपत्र महाग ठेवावे, म्हणजे मजुरांच्या हाती पडणार नाही, हा या करामागचा एक उघड हेतू होता. हेन्री हेदरिंग्टन नावाच्या मुद्रकाने १८३१ साली मुद्रांक न लावता ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हे पत्र काढले आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. कागद महाग असला म्हणजे अक्षर दाटीने बसावे लागते. आणि दाटीत बसूनही दिसायचे असेल तर जाड व्हावे लागते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी संसार केला आहे, त्यांना चिंचोळेपण आणि ठळकपण एकत्र का नांदतात हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

श्रोतेहो, आता मालकाची गोष्ट झाली, कारागिराकडे येऊ. बेस्लीचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. तो १८६९ साली लंडनचा लॉर्ड मेयर झाला. पण क्लॅरेंडनचे ठसे त्याने कोरले नाहीत. ते कोरले बेंजामिन फॉक्स याने.

ठसा कोरणे म्हणजे काय काम होते ते पाहा. पोलादाच्या लहानशा कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. अक्षराच्या पोटातली पोकळी आधी ठोकून घ्यायची, मग बाहेरची कड कानशीने उतरवीत आणायची. मधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उठवून पाहायचे. बरोबर उतरले की पोलादाला पाणी द्यायचे आणि तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात जो खळगा पडतो तो साचा. त्या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की एक खिळा तयार होतो. जाड आणि चिंचोळ्या अक्षरात ही कामगिरी फार कठीण, कारण पोटातली पोकळी अगदी अरुंद होते. ती केसभर कमी झाली तर छापताना शाईने भरते, केसभर जास्त झाली तर अक्षर दुबळे दिसते. अशी प्रत्येक आकाराची निराळी कांडी, प्रत्येक अक्षराची निराळी कांडी. ही सगळी नजर एका माणसाची.

त्याचे नाव टाइपाला मिळाले नाही, पण ते अगदीच पुसले गेले असेही नाही. १८६६ साली ती ओतशाळा चार्ल्स रीड यांच्याकडे गेली तेव्हा तिची पाटी ‘रीड अँड फॉक्स’ अशी झाली. कानस चालविणारा हात पाटीवर आला. असे उदाहरण विरळा, म्हणून आम्ही ते मुद्दाम सांगतो.

त्या साखळीत आणखी एक माणूस असे, त्याचे नाव कोठेच आले नाही. ओतलेल्या खिळ्याच्या कडेला धातूची कूस राहते. ती दगडावर घासून काढावी लागे. हे काम पोरांचे. दिवसभर शिसे घासायचे, त्याची पूड बोटांत आणि पोटात जायची. इंग्लंडातच असे होते असे समजू नका. ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी, ज्यांच्या देखण्या देवनागरी टाइपाने साऱ्या देशात नाव मिळविले, ते लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले होते. आणि त्यांच्या टाइपाचे ठसे कोरणारे होते राणोजी रावजी आरू. सुबक छापलेली पोथी हातात घेताना ही दोन्ही नावे एकत्र आठवावीत.

क्लॅरेंडनची एक कायदेशीर गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. १८४२ साली इंग्लंडात नक्षीकामाच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. बेस्लीने त्याखाली हा टाइप नोंदविला. अशी नोंद झालेला हा पहिलाच टाइप समजतात. संरक्षण मिळाले तीन वर्षांचे. मुदत संपताच इतर ओतशाळांनी धडाधड नकला काढल्या, आणि पुढे छापखान्यांतून कोणत्याही जाड टाइपाला ‘क्लॅरेंडन’ म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणू लागले, त्यातलाच प्रकार. बेस्लीला नकलांचा राग आला असेल. पण आम्ही हिशेब असा मांडतो की त्या नकलांमुळेच जाड अक्षर गरीब छापखान्यापर्यंत पोचले.

आणि पोचले ते योग्य वेळी. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर चार्टिस्टांची प्रचंड सभा झाली. प्रौढ पुरुषांना मताधिकार आणि गुप्त मतदान या त्यांच्या सनदेतल्या प्रमुख मागण्या. ती सनद तयार करणाऱ्या मंडळीत तो मुद्रक हेदरिंग्टनही होता. सभेची भित्तिपत्रके जाड अक्षरांत निघाली. मिरवणुकीवर बंदी घालणारी सरकारची पत्रकेही जाड अक्षरांतच निघाली. अक्षराला पक्ष नसतो. सभा बोलाविणाऱ्याचा निरोप ते जितक्या मोठ्याने सांगते तितक्याच मोठ्याने सभा मोडणाऱ्याचा सांगते. त्या दिवशी सनद मिळाली नाही; पण तिच्यातल्या सहापैकी पाच मागण्या पुढे इंग्लंडात कायदा झाल्या.

भिंतीवरून आता पुन्हा पुस्तकाकडे येऊ, कारण या अक्षराची खरी सेवा तेथे आहे. ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली पुरे झाले. त्याचे संपादक जेम्स मरे. घरच्या गरिबीमुळे त्यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती, हे आम्हांला विशेष जवळचे वाटते. त्या कोशात मूळ शब्द जाड टाइपात आणि विवरण साध्या टाइपात आहे. लक्षावधी शब्दांच्या त्या अरण्यातून हवा तो शब्द घटकेत सापडतो, तो त्या काळ्या अक्षराच्या खुणेमुळे. आपल्या मोल्सवर्थ साहेबांच्या कोशाला ही युक्ती लागली नाही. त्यात शब्द देवनागरीत आणि अर्थ इंग्रजीत. लिपीच निराळी, म्हणून खूण आपोआप झाली. पण दाते-कर्वे मंडळींनी १९३२पासून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला, त्यात शब्दही मराठी आणि अर्थही मराठी. तेथे मूळ शब्द जाड करावाच लागला.

दुसरा मोठा उपयोग वर्तमानपत्राच्या मथळ्याचा. रकाना अरुंद, बातमी मोठी, आणि मथळा तर दुरून दिसला पाहिजे. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या मथळ्यांसाठी चेल्टनहॅम नावाचा पायदार टाइप वापरला; त्याचे जाड आणि चिंचोळे रूप त्या पत्राच्या चेहऱ्याचाच भाग झाले. २००३ साली मॅथ्यू कार्टर यांनी ते घराणे नव्याने रेखून दिले.

यंत्राने मात्र या अक्षराला थोडे छळले. १८८६ साली लायनोटाइप यंत्र आले. त्यात पुढे अशी सोय झाली की एकाच पितळी साच्यावर साधे आणि जाड अशी दोन अक्षरे बसविता येत. सोय मोठी, पण दोघांना रुंदी एकच मिळे. साध्याच्या मापात जाडाने बसायचे, म्हणजे धाकट्याचा सदरा थोरल्याने घालायचा. काखेत ताण पडे तो कायमचाच.

१९५३ साली हेर्मान आयडेनबेन्झ यांनी स्वित्झर्लंडच्या हास ओतशाळेसाठी क्लॅरेंडन पुन्हा घडविले, १९५५ साली फ्रीमन क्रॉ यांनी अमेरिकेत घडविले. ही नवी रूपे मूळच्यापेक्षा चांगली रुंद आहेत. म्हणून आज संगणकावर क्लॅरेंडन पाहून ‘हे कसले चिंचोळे?’ असे कोणी विचारील तर त्याचे बरोबर आहे. मूळचे अक्षर दाटीत वाढलेले होते. हे ऐसपैस बंगल्यात वाढलेले आहे.

आता प्रश्न असा की या साऱ्याचा आमच्या मराठी अक्षराशी संबंध काय?

देवनागरीला सेरिफ नाही. तिचे अक्षर पायावर उभे राहत नाही, शिरोरेषेला टांगलेले असते. तेव्हा इंग्रजीची नक्कल करून तिला पाय चिकटवू नयेत. पण जाडी आणि चिंचोळेपण यांचे प्रश्न तिलाही आहेत, आणि ते अधिक अवघड आहेत. ‘कामगारांना’ हा आमचा नेहमीचा शब्द घ्या. त्यात उभ्या दांड्या मोजल्या तर आठ भरतात. या आठही दांड्या जाड करून शब्द चिंचोळा करू गेले की कुंपणाच्या गजांसारखे दिसू लागते, अक्षर सापडत नाही. शिवाय वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. म्हणून मराठी मथळ्याला रुंदी वाचविता आली तरी उंची द्यावीच लागते. ती दिली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो.

आणि पोकळीचा प्रश्न तर फारच नाजूक. ‘भ’ची गाठ शाईने भरली आणि माथ्यावरची फट बुजली की त्याचा ‘म’ होतो. ‘ध’ची तीच गत झाली की ‘घ’ होतो. हलक्या कागदावर शाई पसरते आणि बारीक आकाराचे जाड अक्षर हमखास बुजते. आम्ही छापखान्यात होतो तेव्हा एका पत्रकात ‘भरपगारी रजा’ अशी मागणी होती, ती काही प्रतींत ‘मरपगारी रजा’ अशी उठली. कामगार हसले, पण मालकाच्या वकिलानेही ती बैठकीत वाचून दाखविली. तेव्हा पहिला नियम हा : बारीक आकारात जाडी वापरू नये, आणि वापरायचीच तर पोटे मोकळी असलेला टाइप निवडावा.

दुसरा नियम संगणकासंबंधी आहे. हल्ली खिळे गेले, फ्लेक्सच्या फळ्या आल्या. शब्द मावत नसला की कारागीर बटण दाबून तो बाजूंनी दाबतो. रेखून काढलेले चिंचोळे अक्षर आणि दाबून केलेले चिंचोळे अक्षर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दाबताना काय होते? समजा उभ्या दांडीची जाडी १० आहे. अक्षर ७० टक्क्यांवर दाबले की ती ७ होते. पण आडव्या रेषांची जाडी तशीच राहते. म्हणजे आपल्या लिपीत शिरोरेषा जाड आणि तिच्याखालचे काने बारीक : छप्पर भारी, खांब काटकुळे. उद्या चौकातली एखादी अभिनंदनाची फळी बघा, हे घर कोसळेल की काय असे वाटेल. फॉक्सने १८४५ साली कानस घेऊन जे केले ते हेच होते की रुंदी कमी करताना दांडीची जाडी जाऊ दिली नाही. बटणाला तो विवेक नाही. तो बटण दाबणाऱ्याला असावा लागतो.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. जाड अक्षराची शक्ती त्याच्या स्वतःमध्ये नाही, ती शेजारच्या साध्या अक्षरात आहे. भोवती शांतता असेल तरच हाक ऐकू येते. पुष्कळ संघटनांची पत्रके आम्ही पाहतो : मागण्या सतरा, आणि सतराही जाड. निवडणुकीच्या पत्रकांत तर उमेदवाराचे नाव जाड, चिन्ह जाड, आजोबांचे नाव जाड आणि ‘आपला नम्र’ हेही जाड! सगळेच ओरडू लागले की बाजार होतो. बाजारात कोणी कोणाचे ऐकत नाही. पत्रकात जाड गोष्टी तीनच असाव्यात : मागणी काय, सभा कोठे, आणि केव्हा. बाकीचे साध्या अक्षरात सांगावे, आणि भोवती थोडा कोरा कागद सोडावा. कोरा कागद फुकट जातो असे समजू नये. त्याचेच पैसे अधिक वसूल होतात.

आता ज्यासाठी हा विषय निवडला ती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. तिच्या मध्यभागी, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, एकरकमी मिळणारी रक्कम होती. ती खरोखर डोळ्यांत भरण्यासारखी होती. खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, बारा-तेरा ओळी होत्या. त्यांतल्या नवव्या ओळीत लिहिले होते की या रकमेत कायद्याने देय असलेली ग्रॅच्युइटी अंतर्भूत आहे. आता ग्रॅच्युइटी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. त्या वेळी लागू असलेल्या १९७२च्या कायद्याने ती कामगाराची होती. ती वजा केली की त्या ठसठशीत रकमेतले जे उरत होते, त्यावर वीस वर्षे काम केलेल्या माणसाने नोकरी सोडावी असे त्यात काही नव्हते. नोटिशीत खोटे अक्षर एकही नव्हते. सगळा डाव फक्त जाडीचा होता.

पहिल्या दोन दिवसांत कित्येकांनी सह्या केल्या. त्यांतले बरेच जण अडाणी होते असे म्हणून चालणार नाही. चष्म्याचा नंबर वाढलेला, पाळी संपवून घरी निघालेला माणूस उन्हात उभा राहून नववी ओळ वाचीत नाही. आम्ही त्या रात्री एक पत्रक काढले. त्यात भाषण नव्हते, घोषणा नव्हती, मालकाला शिवी नव्हती. नोटिशीतली तीच नववी ओळ, शब्दही न बदलता, आम्ही पानाच्या मधोमध जाड आणि चिंचोळ्या अक्षरांत घेतली. चिंचोळे घेतले, कारण ओळ लांब होती आणि ती मोडू द्यायची नव्हती. खाली साध्या अक्षरात दोन वाक्ये : ही ओळ नोटिशीत आहे; सही करण्यापूर्वी कार्यालयात येऊन हिशेब करून घ्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीपासून कार्यालयाच्या जिन्यावर रांग लागली. पुढील सह्या थांबल्या. योजनेवर पुन्हा बोलणी झाली आणि ग्रॅच्युइटी निराळी देण्याचे मान्य झाले. आधी सह्या केलेल्यांसाठी मात्र दोन वर्षे भांडावे लागले, आणि त्यांच्यापैकी सर्वांना पुरते मिळाले असे आम्ही म्हणू शकत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की जाडी ही सत्ता आहे. आणि समाजाला हे कळलेले आहे, याचा पुरावा कायद्यातच सापडतो. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना कोठे तरी कोपऱ्यात छापलेली चालत नाही; २०१६पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग तिने व्यापला पाहिजे असा नियम आहे. विकणाऱ्याला जे बारीक हवे असते ते कायद्याने ठळक करून घेतले. हाच न्याय विम्याच्या कागदाला, कर्जाच्या कराराला आणि नेमणूकपत्राला लागू व्हावा, असे आमचे मागणे आहे. माणसाचे ज्यात नुकसान होऊ शकते ती अट, ज्यात त्याचा फायदा दाखविला आहे त्या ओळीइतकीच जाड असावी. त्याहून अधिक नको, तेवढीच पुरे.

तोवर काय करावे? ते सोपे आहे. कोणताही छापील कागद हाती आला की दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, यात जाड काय आहे? त्यावरून लिहिणाऱ्याला आपण काय वाचावे असे वाटते, ते कळेल. दुसरी, यात सर्वांत बारीक काय आहे? सही करायची ती दुसरी गोष्ट वाचून झाल्यावर. आणि तुमच्यापैकी जे पत्रके काढतात, मंडळे चालवितात, संस्थांचे अहवाल लिहितात, त्यांना विनंती अशी की जाड अक्षर हातात घेताना ते दुसऱ्याच्या डोळ्यांना धरून ओढण्याचे साधन आहे हे ध्यानात असू द्यावे. ज्या गोष्टीकडे ओढायचे ती ओढण्याच्या लायकीची आहे ना, एवढे आधी पाहावे.

फॅन स्ट्रीटवरच्या त्या कारागिराने शब्दकोशातला एक शब्द सापडावा म्हणून पोलाद कोरले. गर्दीत हरवलेली गोष्ट वाचणाऱ्याच्या हाती लागावी, हा त्या अक्षराचा मूळ धर्म. तो सोडून ते वापरले की त्याच अक्षराआड गोष्ट लपविताही येते, हे आपण पाहिलेच.

आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतले, आणि त्या शांततेमुळेच आमचे दोन शब्द ऐकू गेले असतील तर गेले असतील.